शून्यसुद्धा लिहायचं

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात आमचे गुरुजी गेले. नव्वदीला आले होते. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. तिथं आमच्या घरातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून शिकल्या.

त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून सुरू झालेलं. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. मराठी शाळेत बसायला मिळालं ते त्यानंतर. म्हणूनच असेल, फळ्यावर लिहिताना शिरोरेघ ते फार जपून ओढायचे. हजेरी घेताना मात्र आमच्याकडून ‘हाजिर’ असंच म्हणवून घ्यायचे.

आज मला त्यांच्या डब्याबद्दल सांगायचंय. शाळेच्या पटांगणात, झाडाझुडपापासून लांब, त्यांनी डालड्याचा एक रिकामा डबा विटांत बसवला होता. सरळ बाजूंचा, वरून उघडा. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी बुडवायची, किती मिलिमीटर पाणी साचलं ते वहीत लिहायचं आणि शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावरही लिहायचं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जमिनीवर १ लिटर पाणी. पुन्हा सांगतो, १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. एकराला धरलं तर चार हजार लिटर. हा हिशोब चौथीतल्या पोरांनाही तोंडपाठ होता.

मला तर वाटतं, आजही प्रत्येक शाळेत असा डबा हवा. २४ तासांत महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पण मंडळाचं यंत्र एका गावात असतं आणि ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात. रान वाहून गेलेल्या माणसाच्या हातात आपल्या गावचा आकडा नको का? असो. मी गुरुजींबद्दल बोलत होतो.

१९७२ साल. मृग कोरडा गेला. पुनर्वसूचा तरणा पाऊस आला नाही, पुष्याचा म्हातारा आला नाही. डबा वाचायचं काम माझ्याकडं होतं. रोज पट्टी बुडवायची, ती कोरडीच वर यायची. मी एकदा म्हटलं, “गुरुजी, काही नसल्यावर काय लिहायचं?” ते म्हणाले, “शून्य लिही. शून्यसुद्धा लिहायचं असतं.”

आमचे आबा शिकलेले नव्हते. पण रोज सकाळी रानाकडं जाताना फळ्यासमोर थांबायचे. शून्य तेवढं त्यांना ओळखू यायचं. ते बघून काही न बोलता पुढं जायचे.

हस्त लागला, ज्याच्या पावसाला आम्ही हत्ती म्हणतो. रात्री आबा मायला म्हणाले, हत्ती बरसला तर ज्वारी पेरू, नाही तर बैल विकावे लागतील. माय तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पाणी एक कोसावरच्या विहिरीवरून आणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या रांजणातलं पेलाभर पाणी घेतलं आणि डब्यात ओतलं. मला एवढंच कळत होतं, की आबा आज फळ्यापुढं आले तर त्यांना शून्य दिसू नये.

साडेआठला गुरुजी आले. मी पट्टी बुडवली आणि म्हणालो, “२६.”

गुरुजींनी डब्याभोवतीची माती चिमटीत धरली आणि सोडली. ती वाऱ्यावर उडाली. त्यांनी मला मारलं नाही. विचारलं, “हे पाणी कुणी आणलं?”

“मायनं.”

त्यांनी डबा विटांतून काढला, त्यातलं पाणी फडक्यातून गाळून तांब्यात घेतलं. तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाले, “चल. सांडायचं नाही.”

दुष्काळी काम गावापासून कोसभर होतं. ऊन तापलेलं. तांब्यावर हात ठेवून मी चाललो होतो, गुरुजी मागून येत होते. सांडायचं नाही, एवढंच डोक्यात. पोचलो तर माय बायांच्या रांगेत बसलेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. गुरुजी तिला म्हणाले, “बाई, तुमचं पाणी चुकून शाळेत आलं होतं.”

मायनं माझ्याकडं बघितलं. ती अर्धं पाणी प्यायली, अर्धं शेजारच्या बाईला दिलं.

येताना वाटेत गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. शाळेत आल्यावर खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “शून्य लिही.”

मी लिहिलं. बैल त्याच महिन्यात विकले. ते साल दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर निघालं. तुमच्यापैकी ज्यांनी ती मिलोची भाकर खाल्लीय, त्यांना वेगळं सांगायला नको.

१९७३च्या मृगात एका रात्री पत्र्यावर आवाज सुरू झाला, तो पहाटेपर्यंत थांबला नाही. मी साडेआठच्या आधीच डब्यापाशी जाऊन उभा राहिलो. गुरुजी आले तोवर पट्टीला हात लावला नाही. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. “तू वाच,” म्हणाले. मी वाचलं. मी फळ्यावर लिहीत होतो तेवढ्यात आबा आले. डोक्यावर पोत्याची खोळ, अंगावरून पाणी गळतंय. बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले.

“गुरुजी, हे शून्य नाही,” आबा म्हणाले. “हे काय हाय?”

गुरुजींनी त्यांचं बोट हातात धरलं आणि फळ्यावर टेकवलं. “हा एक,” ते म्हणाले, “आणि हा आठ.”