सावलीला नाव देणारा मुलगा

[दृश्य: काळ्या शाईनं काढलेला नकाशा. लहानमोठी असंख्य बेटं. कॅमेरा सावकाश ईशान्येकडच्या एका बेटावर येतो.]

निवेदन:

हा देश जगाच्या नकाशावर नाही. सगळी बेटंच बेटं. काही इतकी लहान, की एका गावानं भरून जावीत. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन कादंबरी लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी आधी हा नकाशा काढला. एकेका बेटाला नाव मिळत गेलं, आणि वादळी समुद्रातल्या गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक पोरगा उभा राहिला.

कादंबरीचं नाव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. अर्थसी म्हणजे हाच बेटांचा देश. ती १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या पार्नासस प्रेसनं छापली. थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, अशी गळ या प्रकाशकानंच ले ग्विन यांना घातली होती. तोवर त्यांचं सगळं लेखन मोठ्यांसाठी होतं. विचार करता करता त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. गोष्टींमधले जादूगार नेहमी म्हातारेच का असतात? पांढरी दाढी, हातात काठी. पण हेही कधीतरी पंधरा वर्षांचे असतील ना? एवढी घातक विद्या ते शिकले कुठे? आणि शिकताना त्यांच्या हातून काय काय झालं?

या प्रश्नांतून रोक बेटावरची जादूगारांची शाळा जन्मली. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक यायला तेव्हा आणखी एकोणतीस वर्षं होती.

[दृश्य: ग्रंथालयातला बालविभाग. कपाटापुढे जमिनीवर बसून वाचणारी मुलं.]

मुलांच्या फँटसी कादंबऱ्यांविषयी आपण बोलतो ते बहुतेक वेळा त्यांच्या खपाविषयी. नाहीतर म्हणतो, 'चला, या निमित्तानं पोरं वाचतात तरी.' म्हणजे ही पुस्तकं कडू औषधाआधीच्या साखरेसारखी. खरं साहित्य पुढे, मोठेपणी. हा समज चुकीचा आहे, आणि तो मुलांवर जितका अन्याय करतो तितकाच लेखकांवरही करतो. म्हणून हे एकच पुस्तक आज नीट उघडून पाहूया. कुठल्याही चांगल्या कादंबरीला विचारावेत तेच प्रश्न त्याला विचारूया.

[दृश्य: डोंगरउतारावरचं गाव, सकाळचं धुकं, शेळ्या.]

मुलाचं लहानपणीचं नाव डूनी. तो वर्षाचा व्हायच्या आत आई गेली. बाप धातुकाम करणारा, घुम्या, मारकुटा. या पोराला पहिली विद्या मिळते ती मावशीकडून. ती गावची चेटकीण. छपरावर चढलेली शेळी खाली उतरावी म्हणून ती काही शब्द उच्चारते, हा ते ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी अर्थ न कळताच शेळ्यांपुढे ओरडतो. शेळ्या येतात. त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभ्या राहतात. जा म्हटलं तरी जात नाहीत. सात वर्षांचा मुलगा घाबरून धावत सुटतो, आणि शेळ्याही त्याच्याबरोबर धावतात. शब्द उच्चारता येतो, पण मागे घेता येत नाही: सगळ्या कादंबरीचं बीज पहिल्या काही पानांत असं पेरलेलं आहे. लहान वाचक तेव्हा हसतो. पुढे शंभर पानांनंतर त्याला या शेळ्या आठवतात.

तेराव्या वाढदिवशी मुलाचं नामकरण होतं. मावशी त्याचं 'डूनी' हे नाव काढून घेते. नाव नसलेला तो पोरगा उघड्या अंगानं आर नदीच्या गारठलेल्या पाण्यात शिरतो, चालत पलीकडे जातो. काठावर ओगियन नावाचा मितभाषी जादूगार उभा आहे. तो मुलाचा दंड धरतो आणि हलक्या आवाजात त्याला त्याचं खरं नाव सांगतो. गेड.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्याची इथे आठवण होतेच. पण आपण ते लगेच साऱ्या घराला ऐकवतो. अर्थसीत ते जन्मभर लपवायचं असतं. चारचौघांत हाक मारायला वेगळं नाव असतं. खरं नाव ज्याला कळलं त्याच्या हाती तुमचा जीव. त्यामुळे एखाद्याला आपलं नाव सांगणं यापेक्षा मोठा विश्वास तिथे नाही. गेडच्या हातून भयंकर अपराध घडतो, इतर मुलं त्याला टाळू लागतात, तेव्हा व्हेच नावाचा मित्र शाळा सोडून जाताना त्याला आपलं खरं नाव सांगतो. मैत्रीवर एकही भाषण नाही. जादूचा नियम, कथानकाचा पेच आणि दोन मुलांमधली माया, तिन्ही गोष्टी एकाच कल्पनेतून उलगडतात. अशी बांधणी मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही क्वचित सापडते.

[दृश्य: विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कृष्णधवल छायाचित्रं. जंगल, ओढा, धनुष्य धरलेला माणूस.]

इथे थोडं मागे जावं लागेल. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ. १९११ मध्ये ओरोव्हिल गावापाशी 'याही' नावाच्या मूळनिवासी जमातीचा एक माणूस एकटा, उपाशी सापडला. त्याचे बाकी सगळे लोक संपले होते, बरेचसे गोऱ्या वसाहतकऱ्यांनी केलेल्या कत्तलींत. क्रोबर त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ माणूस. स्वतःचं नाव त्यानं कधीच सांगितलं नाही. त्याच्या लोकांत आपलं नाव आपणच परक्याला सांगायची रीत नव्हती, आणि ते सांगायला आपलं असं दुसरं कोणी उरलं नव्हतं. १९१६ मध्ये तो वारला.

ले ग्विन यांचा जन्म १९२९ चा. त्यांनी इशीला पाहिलं नाही. पण आई थिओडोरा क्रोबर यांनी इशीच्या आयुष्यावर लिहिलेलं पुस्तक १९६१ मध्ये आलं आणि गाजलं. सात वर्षांनी मुलीच्या कादंबरीत नाव जपणारी माणसं आली. यातून ते निघालं, असा दावा मी करत नाही. पण नाव न सांगणं हा ज्या घरात पोरखेळ नव्हता, एका माणसाची शेवटची राखलेली गोष्ट होती, त्या घरातली ही लेखिका. अर्थसी वाचताना त्या नियमाचं वजन जाणवतं.

[दृश्य: पाऊस. झाडाखाली बसलेला माणूस. त्याचा हात गुडघ्यावर, स्वस्थ.]

शाळेत जायच्या आधी गेड ओगियनकडे शिकायला राहतो. पाऊस येतो. इतर जादूगार ढग इकडून तिकडे पिटाळतात. ओगियन मात्र पाऊस पडू देतो, आणि स्वतः एका दाट झाडाखाली जाऊन पडतो. भिजलेला गेड चिडतो: विद्या असून वापरायची नाही, तर ती काय कामाची? दहाबारा वर्षांच्या वाचकालाही हेच वाटतं, आणि लेखिका त्याला लगेच उत्तर देत नाही. उत्तर पुढे रोकच्या शाळेत, एका खड्याच्या निमित्तानं मिळतं. खडा हिऱ्यासारखा दिसेल असं करणं सोपं, गुरू सांगतात. पण त्याचा खरोखर हिरा करायचा तर त्याचं नाव बदलायला हवं, आणि एका खड्याचं का होईना, नाव बदलणं म्हणजे जग बदलणं. त्यातून पुढे काय बरं-वाईट होईल हे कळेपर्यंत वाळूच्या कणालाही हात लावायचा नाही.

ले ग्विन यांच्या वडिलांकडे लाओ त्झूच्या 'ताओ ते चिंग'ची एक प्रत होती. गोष्टी आपल्या ओघानं होऊ द्याव्यात असं सांगणारा हा प्राचीन चिनी ग्रंथ. ती त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या, आणि १९९७ मध्ये त्यांनी स्वतः त्या ग्रंथाचं इंग्रजी रूप प्रसिद्ध केलं. झाडाखाली स्वस्थ पडलेला ओगियन तिथून आलेला आहे.

या शाळेत अभ्यासही खरा आहे. एका एकाकी मनोऱ्यात मुलं दिवसच्या दिवस नावांच्या याद्या पाठ करतात. एका खाडीचं, एका टोकाचं, एका खडकाचं नाव. मध्यरात्री पानावरची शाई उडून जाते. तोवर पाठ झालं तर झालं. यात चमत्कार कमी आणि कष्ट जास्त. मुलांना हे प्रकरण कंटाळवाणं वाटेल असं मोठ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मुलं या मनोऱ्याविषयी भरभरून विचारतात, कारण शिकणं इतकं गंभीरपणे घेणारी गोष्ट त्यांना सहसा मिळत नाही.

[दृश्य: रात्र. टेकडी. गवतातून जाणारा वारा.]

आणि मग ती रात्र. जास्पर नावाच्या बड्या घरच्या मुलानं डिवचल्यावर, केवळ ईर्ष्येपोटी, गेड मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो. ती येते. पण तिच्या मागून, जगाला पडलेल्या त्या फटीतून, आणखी काहीतरी बाहेर पडतं. आकार नसलेली एक सावली. ती गेडचा चेहरा कायमचा ओरबाडते. फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख नेमर्ल प्राण गमावतात.

कितीतरी साहसकथांमध्ये दुष्ट बाहेरून येतो आणि नायक त्याच्याशी लढतो. इथे तो नायकाच्याच हातून, त्याच्या घमेंडीतून येतो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे या सावलीपासून पळणं, आणि ओगियननं कान उघडल्यावर उलट फिरून तिचा पाठलाग करणं. दोन सैन्यं समोरासमोर उभी ठाकण्याचा प्रसंग शेवटी येतच नाही. व्हेचबरोबर छोट्या होडीतून गेड पूर्वेला, जमीन संपते त्याच्याही पलीकडे जातो. तिथे सावली समोर येते. दोघंही एकाच क्षणी एकच नाव उच्चारतात: गेड. तो जिंकत नाही, हरतही नाही. स्वतःचं जे आहे ते स्वतःचं म्हणून पत्करतो.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांतही अशी सावली आहे, त्यामुळे ती तिथूनच उचलली असेल असं अनेकांना वाटलं. पण ही कादंबरी लिहिली तेव्हा ले ग्विन यांनी युंग वाचलेला नव्हता.

वाटेत आणखी एक प्रसंग आहे, आणि मुलांच्या पुस्तकात तो आहे याचं मला फार मोल वाटतं. गेड एका होड्या बांधणाऱ्याचा मित्र होतो. त्या मित्राचं लहान मूल तापानं फणफणतं. त्याला वाचवायला गेड मृतांच्या उतारावर, न मावळणाऱ्या ताऱ्यांखाली, त्याच्या मागे धावतो. मूल पुढे निघून जातं. परत येत नाही. कुठलंही औषध सापडत नाही, कुठलाही वर मिळत नाही. मुलांना मरण दाखवू नये असं म्हणणाऱ्यांनी हे पान वाचावं. इथे मुलाला खोटं सांगितलेलं नाही, आणि एकटंही सोडलेलं नाही.

[दृश्य: रात्रीचा दिवा. मोठ्यानं वाचणारा आवाज, शब्द स्पष्ट नाहीत, फक्त लय.]

आता भाषेविषयी. लोकप्रिय फँटसीवर मोठा आक्षेप असतो तो गद्याचा: गोष्ट पळते, वाक्यं मात्र सपाट. अनेक पुस्तकांबाबत तो खराही आहे. ले ग्विन यांनी १९७३ मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की फँटसीत शैली म्हणजेच पुस्तक. वास्तववादी कादंबरीला ओळखीच्या जगाचा आधार मिळतो. इथे लेखकाचा आवाज सोडून दुसरा आधार नाही. म्हणून अर्थसीचं गद्य जुन्या पोवाड्या-गाथांच्या चालीचं आहे. निवेदक जणू फार पूर्वी होऊन गेलेल्या, गाण्यांत राहिलेल्या माणसाविषयी सांगतो. वाक्यं साधी, पण प्रत्येकाला ताल. हे पुस्तक मोठ्यानं वाचून पाहा. श्वास घ्यायची जागा कुठेही चुकत नाही.

[दृश्य: वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या दशकांतली मुखपृष्ठं.]

गेडची कातडी तांबूस तपकिरी आहे. व्हेच काळा आहे. गोरे आहेत ते बाहेरून चाल करून येणारे कार्ग. हे सगळं पुस्तकात सहज, जाता जाता येतं. वाचक नायकाशी एकरूप झाल्यावर त्याचा रंग कळावा, हा लेखिकेचा हेतूच होता. तरीही मुखपृष्ठांवर गेड वर्षानुवर्षं गोरा छापला गेला, आणि २००४ च्या अमेरिकन टीव्ही मालिकेतही गोराच दिसला. ले ग्विन यांनी त्यावर जाहीरपणे, रागानं लिहिलं.

त्यांनी स्वतःचीही गय केली नाही. पहिल्या पुस्तकातली शाळा फक्त मुलग्यांची आहे, आणि बायकांची जादू कमकुवत, बायकांची जादू दुष्ट, अशी म्हण त्यात आहे. दुसऱ्या भागात टेनार आली. देवळाला वाहिलेली मुलगी, अंधाऱ्या भुयारांची राणी आणि कैदीही. तिसरा भाग १९७२ चा. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, 'तेहानू' आलं. त्यात गेडची सगळी विद्या संपलेली आहे. कथा आहे प्रौढ, विधवा टेनारची आणि जाळलेल्या एका लहान मुलीची. ती म्हण कोणी रचली आणि कोणाच्या सोयीसाठी, हे कादंबरी आता विचारते. काही वाचक नाराज झाले. त्यांना जुना गेड हवा होता.

अर्थसीची शेवटची कादंबरी २००१ ची, लेखिकेनं सत्तरी ओलांडल्यानंतरची. मृतांच्या त्या कोरड्या देशाला दगडांची एक भिंत आहे, आणि सुरुवातीच्या पुस्तकांत ती कायमची वाटते. तेहतीस वर्षांनी ले ग्विन पुन्हा तिथे गेल्या. हा देश मुळात कुणी केला, कुठल्या लोभानं केला, असं त्यांनी विचारलं, आणि आपल्याच पात्रांच्या हातांनी ती भिंत पाडली.