धार नसलेल्या तलवारी

(दृश्य: घाना देशातलं कुमासी शहर. राजवाड्याचं अंगण, मोठाल्या रंगीत छत्र्या, ढोलांचा आवाज.)

दर ४२ दिवसांनी इथं घानामधल्या आसांते लोकांच्या राजाचा दरबार भरतो. त्याला म्हणतात अक्वासिडाए. राजा, म्हणजे आसांतेहेने, छत्रीखाली बसलेला असतो आणि पुढ्यात तलवारधाऱ्यांची रांग. त्यांचे हात नीट बघा. त्यांनी पातं हातात धरलंय आणि सोन्याची मूठ राहिलीय वर. तरी कुणाचा तळवा कापत नाही, कारण या पात्यांना धार लावलेलीच नसते.

(दृश्य: एकच तलवार, अगदी जवळून.)

हिचं नाव आफेना. पातं लोखंडी, किंचित वाकडं, टोकाकडे रुंद होत गेलेलं. अनेक पात्यांवर आरपार नक्षी कापलेली दिसते. लढाईच्या पात्यात अशी भोकं पाडली, तर ते तिथं कमकुवत होईल. मूठ लाकडाची: दोन टोकांना दोन गोळे, मधे पकडीपुरतं बारीक अंग. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला. म्यान बिबट्याच्या नाहीतर पाकट माशाच्या खरबरीत कातड्याचं.

तलवारी दोन गटांत मोडतात. राजाच्या आत्म्याशी, म्हणजे ‘क्रा’शी जोडलेल्या त्या आक्राफेना, त्या उजव्या बाजूला. बोसोमफेना डाव्या बाजूला. त्यातल्या दोन तलवारींचा मान वेगळा. राज्याचा संस्थापक ओसेई टुटू याच्या बोसोमुरु तलवारीवर नवा राजा प्रजेला वचन देतो. म्पोन्पोन्सुओ हातात घेऊन मांडलिक सरदार राजाला वचन देतात. या नावाचा अर्थच ‘जबाबदारी’. सरदार पायातल्या वहाणा काढतो, खांद्यावरचं वस्त्र खाली घेतो आणि मगच तलवारीला हात लावतो.

(दृश्य: म्यानावर बांधलेला सोन्याचा साप, जबड्यात पक्षी.)

म्यानावर बांधलेल्या या सोन्याच्या ओतीव आकृतीला अबोसोडी म्हणतात. इथं सापानं धनेश पकडलाय. साप जमिनीवर, धनेश झाडाच्या शेंड्यावर. तरी शिकार सापाचीच झाली. घाई न करणाऱ्याचं फावतं, असा त्याचा अर्थ लावतात. राजाचा दूत परमुलखात जाताना अशी तलवार सोबत नेई. तोंडी निरोप नंतर, आधी म्यानावरची आकृती बोले. निरोप जसा, तशी आकृती निवडत.

ही आकृती घडते मेणातून. मधमाशीचं मेण कोमट करून फळीवर वळायचं. शेवयांसारखे बारीक धागे निघतात. त्यांतूनच खवले, पिसं, डोळे. त्यावर कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि चिकणमाती यांचं पातळ लेपण. एक थर वाळला की दुसरा. घाईत जाड थर दिला तर वाळताना तडे जातात, आणि तेच तडे सोन्यात शिरा होऊन उमटतात. बाहेरून ताडाच्या धाग्यांची जाडी माती. हे धागे भाजताना जळतात, त्यांच्या जागी सूक्ष्म वाटा राहतात आणि वाफ व हवा तिथून निसटते. वाटा अपुऱ्या असतील तर हवा अडकते आणि सापाचं शेपूट अर्धवटच निघतं.

मेण वितळवून काढलं की साच्याच्या तोंडाशी सोन्याचे तुकडे भरलेली मातीची कुपी बसवतात आणि सांधा मातीनं बंद करतात. म्हणजे साचा आणि धातू वितळवायची मूस एकच. कुपी खाली ठेवून भट्टीत तापवायचं. शुद्ध सोनं १,०६४ अंश सेल्सियसला वितळतं. मग चिमट्यानं सगळं उलटं केलं की रस साच्यात उतरतो. साचाही तेवढाच तापलेला असल्यानं रस वाटेत थिजत नाही. उघड्या मुशीतून ओतण्यापेक्षा ही रीत आम्हाला जास्त हुशारीची वाटते. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे हुबेहूब दुसरा नग निघत नाही.

सोनं किती लागेल? मेण तोला. शुद्ध सोनं मेणापेक्षा साधारण २० पट जड; १० ग्रॅम मेणाला सुमारे २०० ग्रॅम. चांदी किंवा तांबं मिसळलं की आकडा खाली येतो. वजन आवरायचं, तर आत मातीचा गाभा ठेवून आकृती पोकळ ओततात.

(दृश्य: काँगोमधला लाकडी सुरा.)

धार काढून घेण्याची ही रीत एकट्या आसांतेंची नाही. काँगोमधल्या कुबा लोकांचा ‘इकुल’ हा पानाच्या आकाराचा सुरा, आणि त्याचं पातं बऱ्याचदा चक्क लाकडाचं. परंपरा सांगते, की १७व्या शतकातल्या श्याम राजानं फेकून मारायच्या सुऱ्यावर बंदी घातली आणि हा आणला. कुबा राजांच्या लाकडी मूर्तींत तो डाव्या हातात असतो, मूठ समोरच्याकडे केलेली.

(दृश्य: संग्रहालयातली काचपेटी.)

४ फेब्रुवारी १८७४ रोजी इंग्रज फौज कुमासीत शिरली. राजवाडा लुटला, मग सुरुंगानं उडवला. लुटीतलं सोनं लंडनला गेलं. पेटीतली हवा फार कोरडी झाली की मुठीचं लाकूड आकसतं, पण सोन्याचा पत्रा आकसत नाही. तो सुरकुततो, उचलला जातो. चकाकीसाठी पॉलिश घासलं तर उठावाच्या जागी पत्रा झिजून लाकूड उघडं पडतं. पात्यावरचा गंज आम्लानं काढणं तर त्याहून वाईट. जुन्या लोहाराच्या घणाच्या खुणाही त्याबरोबर जातात.

मे २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्याकडच्या ३२ वस्तू कुमासीच्या मनह्या राजवाड्यातल्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांत राजतलवारही होती. आपल्याच घरची वस्तू, पण कागदावर ‘उसनी’. मुदत ३ वर्षांची, वाढवून मिळू शकणारी.