एकदाच होणारा खर्च

नमस्कार, श्रोतेहो.

वित्तसेवा कंपनी फेररचना जाहीर करते तेव्हा दोन आकडे शेजारी शेजारी मांडते. नोकरीतून कमी केल्यामुळे जाणाऱ्यांना द्यायची भरपाई हा एकदाच होणारा खर्च, आणि वाचलेला पगार ही वर्षानुवर्षांची बचत. अशा मांडणीत कपात बहुधा फायद्याचीच दिसते. जाणाऱ्याला जे ठाऊक असतं, त्याला हिशेबात रकानाच नसतो.

जर्मनीच्या डॉइश बँकेचं उदाहरण घ्या. जुलै 2019 मध्ये बँकेनं शेअर खरेदी-विक्रीच्या धंद्यातून अंग काढून घ्यायचं ठरवलं आणि 18 हजार नोकऱ्या कमी करू असं सांगितलं. 2022 पर्यंत कर्मचारी 74 हजारांवर आणायचे होते. त्या वर्षअखेरीला ते 84 हजारांच्या वरच होते. ज्या आकड्यानं हजारो घरांची झोप उडवली, तो बँकेला स्वतःलाच गाठता आला नाही. याचा मला राग येतो.

2023 ची गोष्ट तर ग्राहकांच्या दारापर्यंत आली. याच समूहातल्या पोस्टबँकेच्या सुमारे 1 कोटी 20 लाख ग्राहकांची खाती नव्या संगणकप्रणालीवर नेली. हेतू बचतीचाच होता, वर्षाला 30 कोटी युरो. पण कामं तुंबली. कुणी वारल्यावर त्याच्या खात्यातले पैसे वारसांना मिळेनात. कर्जबाजारी माणसाला महिन्याचा खर्च तरी हाती राहावा म्हणून जी खाती जप्तीतून वगळलेली असतात, तीही अडकली. शेवटी नियामकानं देखरेखीसाठी खास अधिकारी नेमला आणि बँकेला शेकडो जादा माणसं कामाला लावावी लागली.

हा दोष कपातीचा होता, असं मी म्हणणार नाही. गोंधळ खात्यांच्या स्थलांतराचा होता. पण तो निस्तरायला माणसंच लागली. वारसाच्या कागदात एक सही कमी असेल, तर कुणीतरी फोन उचलून घरच्यांशी बोलावं लागतं.

म्हणून कपातीची यादी करणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. यादीत नाव लिहिण्याआधी त्या माणसाच्या टेबलाशी आठवडाभर बसा. कुठली तक्रार एका फोननं मिटते, कुठल्या दोन नोंदी दर महिन्याला जुळत नाहीत आणि का, हे त्याला विचारा. तो सांगेल ते लिहून घ्या. अनेकदा ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.