लेपेनित्साकाठची भट्टी

कारखान्याची ही चिमणी लेपेनित्सा नदीच्या काठची. गाव क्रागुयेव्हात्स, सर्बियाचा शुमादिया प्रांत. समोरच्या विटांच्या इमारतीला इथले लोक 'तोपोलिव्हनित्सा' म्हणतात, म्हणजे तोपांची ओतशाळा. शब्दाची सुरुवात ऐका: तोप. तुर्कांबरोबर आपल्याकडे आलेला शब्द इथेही पोचला.

1818 साली सर्बियाचे शासक मिलोश ओब्रेनोविच यांनी या गावाला राजधानी केलं. 1841 मध्ये राजधानी बेलग्रेडला गेली. पण तिथल्या किल्ल्यात तुर्की फौज होती. तिच्या डोळ्यांदेखत तोपा कशा ओतणार? ओतशाळा इकडे आली.

27 ऑक्टोबर 1853. शार्ल लुब्री या फ्रेंच अभियंत्याच्या देखरेखीखाली पहिली तोप ओतली गेली. हे काम सोपं नव्हे. साचा आतपर्यंत वाळलेला हवा. जराशी ओल राहिली, तर वितळलेल्या धातूचा रस पडताच वाफ कोंडते आणि सगळं ओतीव वाया जातं. धार मध्येच तुटता कामा नये. मग दम धरून निववायचं, आणि त्यानंतर आतली नळी कोरायची. पुढच्याच वर्षी कारखान्याला जोडून कारागिरांची शाळा निघाली. या गावाचं खरं भांडवल तोपांपेक्षा हे शिकलेले हातच.

1884 मध्ये या कारखान्यात विजेचे दिवे लागले. बेलग्रेडचं वीजकेंद्र सुरू व्हायला अजून नऊ वर्षं होती.

आणि हा झेंडा. 1876 मध्ये इथले कामगार आणि गावकरी लाल झेंडा घेऊन रस्त्यावर उतरले. त्यावर एकच शब्द होता, 'सामोउप्रावा', म्हणजे स्वशासन. सर्बियन भाषेत झेंड्याला 'झास्तावा' म्हणतात. पुढे कारखान्याचं नाव तेच झालं.

21 ऑक्टोबर 1941. मेलेल्या एका जर्मन सैनिकामागे शंभर माणसं, जखमीमागे पन्नास, असा हुकूम होता. घरांतून, कचेऱ्यांतून, शाळेच्या वर्गांतून लोकांना नेलं. सुमारे 2,800 जणांना गोळ्या घातल्या. शुमारित्सा या स्मृतिउद्यानातलं हे पंखांचं शिल्प विद्यार्थ्यांचं आणि त्यांच्या शिक्षकांचं.

1953 मध्ये कामगारांनी मतदान करून ठरवलं, आता मोटारी बनवायच्या. परवाना फियाटचा, जसा आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याकडे होता. ही छोटी गाडी 'फीचा'. 1955 ते 1985 या काळात नऊ लाखांहून अधिक बाहेर पडल्या. आपल्याकडे पद्मिनीवर जीव टाकणारी माणसं आहेत. त्यांना हा माणूस बॉनेट का पुसतोय, ते सांगावं लागणार नाही.

पुढे युगो ही मोटार आली, अमेरिकेपर्यंत गेली. एप्रिल 1999 मध्ये नाटोचे बॉम्ब पडले, तेव्हा कामगार कारखान्यातच पहारा देत होते. शंभराहून अधिक जखमी झाले, हजारोंचा रोजगार गेला. 2008 मध्ये शेवटची युगो बाहेर पडली.

सकाळची पाळी भरते आहे. या गावात आता फियाटची ग्रांदे पांदा ही मोटार जुळते.