चाप, सेकंद आणि कायदा

[दृश्य: टास्मानिया. समुद्रकाठचे जुने दगडी अवशेष, हिरवळ.]

28 एप्रिल 1996, रविवार. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट आर्थरला पर्यटकांची गर्दी होती. ब्रॉड ॲरो कॅफेमध्ये एका तरुणाने बॅगेतून सेमी-ऑटोमॅटिक रायफल बाहेर काढली. पुढच्या दोनेक मिनिटांत त्या एका इमारतीत 20 माणसं मेली. एकूण बळी 35.

त्याचं नाव आम्ही घेणार नाही. बघायचंय ते त्याच्या हातातल्या रायफलीकडे.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप चढते. पुन्हा चाप, पुन्हा गोळी. साध्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलावा लागतो. फरक एखाद-दुसऱ्या सेकंदाचा. पण तेवढ्यात कुणी टेबलाखाली शिरतं, कुणी दार गाठतं, कुणी हल्लेखोरावर झडप घालतं. मॅगझिन, म्हणजे बंदुकीतला गोळ्यांचा डबा, रिकामं झालं की असाच अवधी मिळतो. म्हणून मॅगझिनमध्ये गोळ्या किती मावतात, हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो.

[दृश्य: जप्त बंदुकांचा ढीग, यंत्राखाली चुराडा.]

जॉन हॉवर्ड ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ग्रामीण भागातला बंदूकधारी मतदार त्यांच्या आघाडीचा हक्काचा मतदार. तरीही 12 दिवसांत देशभर एकच नियम करायला त्यांनी सगळ्या राज्यांना राजी केलं. व्हिक्टोरियातल्या सेल गावी चिडलेल्या जमावापुढे ते कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घालून उभे राहिले.

सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. बंदूक घ्यायची तर सबळ कारण द्यायचं, 28 दिवस थांबायचं, नोंदणी करायची. ‘स्वसंरक्षण’ हे कारण चालणार नव्हतं. आरोग्यविम्याचा कर वर्षभरासाठी थोडा वाढवून सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेतल्या आणि मोडीत काढल्या.

त्याआधीच्या 18 वर्षांत पाच किंवा जास्त माणसं मारली गेली, असे 13 गोळीबार झाले होते. नंतरची 22 वर्षं एकही झाला नाही. 2018 मध्ये ऑस्मिंग्टनला एका कुटुंबातली सात माणसं गेली, तेव्हा हा खंड मोडला.

हे कायद्याचं यश मानायला आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शेजारच्या न्यूझीलंडने असा कायदा केला नव्हता. तिथेही 1997 नंतर वीसेक वर्षं असं हत्याकांड घडलं नाही. मग श्रेय कायद्याला कसं द्यायचं? अशा घटना मुळात विरळ असतात. एक घडली किंवा टळली की सगळा हिशेब फिरतो.

पण 15 मार्च 2019 ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये 51 माणसं मारली गेली. त्यासाठी वापरलेली सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं न्यूझीलंडमध्ये साध्या परवान्यावर विकत मिळत होती. महिनाभराच्या आत तिथल्या संसदेने 119 विरुद्ध 1 मतांनी त्यांवर बंदी घातली. वीस वर्षांची शांतता ही सुरक्षिततेची हमी नव्हती, हे तिथे फार मोठी किंमत मोजून कळलं.

[दृश्य: काळा पडदा. तारीख: 14 डिसेंबर 2012.]

या एका दिवशी दोन शाळांवर हल्ले झाले. चीनच्या हनान प्रांतात एका माणसाने सुरा घेऊन वीसहून अधिक मुलांवर वार केले. मुलं जबर जखमी झाली, पण सगळी जगली. काही तासांनी अमेरिकेत, सँडी हूक शाळेत, सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतलेल्या तरुणाने 20 मुलं आणि शाळेतल्या 6 जणींना ठार केलं. डोक्यातलं विष दोन्हीकडे होतं. हातातलं हत्यार वेगळं होतं.

बंदुकीविनाही माणसं मारता येतात, हे खरंच. फ्रान्समधल्या नीसमध्ये गर्दीत घातलेल्या ट्रकखाली 86 जण मेले, जपानमधल्या क्योटोत स्टुडिओला लावलेल्या आगीत 36. बंदूक कायदा तिथे काय करणार! आणि एका प्रकारावर बंदी आली तरी दुसरी परवान्याची बंदूक घरात राहतेच. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर ब्रिटनने पिस्तुलांवर बंदी आणली. बंदूक घेऊन शाळेत शिरण्याचा तसा प्रकार पुन्हा झाला नाही. पण 2010 मध्ये इंग्लंडमधल्या कंब्रियात एकाने परवान्याची शॉटगन आणि रायफल घेऊन 12 माणसं मारली.

अमेरिकेत 1994 ते 2004 अशी दहा वर्षं काही सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर आणि मोठ्या मॅगझिनवर केंद्रीय बंदी होती, पण आधीच्या बंदुका आणि मॅगझिन लोकांकडेच राहू दिली. त्यामुळे तिचा परिणाम आजही वादात आहे. त्यात 1996 च्या एका तरतुदीमुळे बंदुकीच्या हिंसेवरचं सरकारी पैशातलं संशोधन वीसेक वर्षं जवळपास थंडावलं. आधी अभ्यासाची वाट अडवायची आणि मग ‘पुरावा कुठे आहे’ विचारायचं, याचा मनस्वी राग येतो.

[दृश्य: सिडनी, बाँडाय किनारा. फुलांचे ढीग.]

डिसेंबर 2025. बाँडायला ज्यूंच्या हनुक्का सणाच्या सोहळ्यावर बाप-लेकाने गोळीबार केला, 15 निष्पाप माणसं मारली गेली. बापाकडे सहा बंदुका होत्या, सगळ्या परवान्याच्या. ऑस्ट्रेलियात आज 1996 पेक्षा जास्त बंदुका आहेत. एका माणसाकडे किती असाव्यात, परवाना दिल्यावर पुन्हा कधी तपासावं, याच्या फटी तीस वर्षांत रुंदावत गेल्या होत्या. काही दिवसांतच सरकारने बंदुका परत विकत घेण्याची नवी योजना जाहीर केली आणि न्यू साउथ वेल्स राज्याने माणशी बंदुकांवर मर्यादा घातली.