सीडी फोरचा आकडा : नॉर्मल, पण कुणाचा?

मंडळी, एचआयव्ही असलेल्यांच्या रक्तात सीडी फोर पेशी मोजतात. प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या या पांढऱ्या पेशी, आणि एचआयव्ही त्यांच्यावरच हल्ला करतो. एक घनमिलिमीटर रक्तात त्या किती, हा तो आकडा. त्याच्या रिपोर्टच्या कागदावर उजवीकडे एक छोटा रकाना असतो. 'नॉर्मल ५०० ते १५००'. पेशंट आपला आकडा पाहतो, मग नजर त्या रकान्याकडे जाते आणि चेहरा पडतो. आज मला बोलायचंय ते त्या रकान्याबद्दल.

५०० ते १५०० ही मर्यादा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या निरोगी माणसांच्या रक्तावरून रूढ झाली. इथिओपियात एचआयव्ही नसलेल्या, धडधाकट प्रौढांच्या सीडी फोर पेशी मोजल्या, तेव्हा त्या डच लोकांपेक्षा बऱ्याच कमी भरल्या आणि सीडी एट (प्रतिकारयंत्रणेतल्याच दुसऱ्या प्रकारच्या) पेशी जास्त. ही माणसं आजारी नव्हती, कामाधंद्यावर जाणारी होती. बोट्स्वाना आणि चीनमधल्या निरोगी लोकांतही सरासरी खालीच आढळली.

हे का होतं, याचं एकच उत्तर नाही. थोडा भाग अनुवंशिकतेचा असावा, पण परिस्थितीचा वाटा मोठा दिसतो. जंत आणि वारंवार होणारे संसर्ग प्रतिकारयंत्रणेला सतत कामाला जुंपून ठेवतात. इथिओपियातून इस्राएलला गेलेल्या लोकांकडे पाहा. नुकत्याच आलेल्यांत ही सक्रियता खूप होती. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांत ती उतरलेली दिसली. म्हणजे 'आमच्या लोकांचा नॉर्मल' हीसुद्धा कायमची गोष्ट नाही.

शिवाय एकाच समाजात बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा बहुधा जास्त असतो. गरोदरपणात तो उतरतो, कारण रक्तातला द्रव वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तो चढलेला दिसतो, पण म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती चांगली असते असं मुळीच नाही! तान्ह्या बाळांत आकडा इतका वर असतो की पाच वर्षांखालच्या मुलांत आकड्याऐवजी टक्केवारीच (लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत सीडी फोर किती टक्के) बघायची पद्धत पडली.

आता आकडा येतो कसा तेही पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. जुन्या पद्धतीत समजा पांढऱ्या पेशी ६०००, त्यात लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे १८००. त्यातल्या ४० टक्के सीडी फोर, म्हणजे ७२०. पुढच्या खेपेला पांढऱ्या पेशी ४५०० आल्या, लिम्फोसाइट २८ टक्के, सीडी फोरची टक्केवारी तीच ४०. उत्तर येतं ५०४. दोनशेहून जास्त पेशी 'गेल्या', पण टक्का जागचा हललेला नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं रक्तही सारखं नसतं; संध्याकाळी आकडा चढतो. म्हणून शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी तपासणी करावी.

उपचार कधी सुरू करायचे हे पूर्वी याच आकड्यावर ठरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ३५० ची रेषा आखली, २०१३ मध्ये ५०० ची, आणि २०१५ मध्ये रेषाच पुसून टाकली : निदान झालं की औषध. फार चांगलं झालं. पण आकड्याची भीती गेली नाही, ती फक्त पुढे सरकली. गोळ्या नियमित आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, वजन ठीक आहे, सीडी फोर मात्र ४३० वर थांबलाय. अशा माणसाला 'अजून नॉर्मल नाही' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. संसर्गाआधी त्याचा आकडा किती होता हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. कदाचित ५५० च असेल.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. २०० च्या खाली आकडा आला तर 'आपल्याकडे असाच असतो' म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथे क्षयरोग, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (बुरशीमुळे होणारा), क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर यांचा धोका खराच आहे, मग माणूस कुठल्याही देशाचा असो. तपासण्या आणि प्रतिबंधक औषधं त्याच भेटीत सुरू व्हायला हवीत. आणि ७०० चे ४०० झाले, पुन्हा तपासूनही ४०० च आले, तर ४०० रकान्याच्या किती जवळ आहे हा प्रश्नच नाही. गोळ्या चुकताहेत का, व्हायरल लोड किती, खोकला-ताप आहे का, हे त्याच दिवशी विचारायचं.