पाचशे डॉलरचा खोका

[दृश्य : टेबलावर पुठ्ठ्याचा लहानसा खोका. दोन हात चिकटपट्टी कापतात.]

खोका लहान दिसतो, पण उचलायला गेलं की मनगटाला कळतं. आत अर्ध्या डॉलरची १००० नाणी आहेत. वीस-वीस नाण्यांचे कागदात गुंडाळलेले पन्नास रोल, वजन अकरा किलोच्या वर. बँकेनं त्याचे ५०० डॉलर घेतले, आणि आत आहेतही बरोबर ५०० डॉलर. एकेक नाणं पाहायचं, हवं ते काढून ठेवायचं, उरलेली बँकेत भरून तेवढेच पैसे परत घ्यायचे. खर्च होतो तो वेळ. अमेरिकेत या छंदाला ‘कॉइन रोल हंटिंग’ म्हणतात.

या नाण्यांत शोधायचं काय, हे समजायला १९६५ सालात जावं लागतं. त्याआधी अमेरिकेच्या डाइममध्ये (दहा सेंट), क्वार्टरमध्ये (पंचवीस सेंट) आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असायची. चांदीची मागणी वाढत गेली आणि सरकारी साठा आटू लागला. २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली; तांब्याचा गाभा आणि वर तांबे-निकेलचा पत्रा, असं नाणं आलं. चांदीची नाणी साठवून कुणालाही नफा होणार नाही, असं जॉन्सन यांनी त्या वेळी सांगितलं होतं. लोकांनी आपल्या हिशेबानं वागायचं ठरवलं. दोन नाण्यांवर किंमत एकच, पण एकात चांदी आहे, तर दुकानात कुठलं द्यायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. ग्रेशॅमचा नियम म्हणतात तो हाच. काही वर्षांतच चांदी व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली.

अर्ध्या डॉलरचं मात्र वेगळं घडलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन केनेडींची हत्या झाली, आणि १९६४ च्या अर्ध्या डॉलरवर त्यांचा चेहरा आला. लोकांनी ते नाणं आठवण म्हणून घरात ठेवलं. नव्या कायद्यानं या नाण्यातली चांदी एकदम काढली नाही, ४० टक्क्यांवर आणली. ती १९७० पर्यंत राहिली. तोवर दुकानांना अर्ध्या डॉलरवाचून चालवायची सवय झाली होती. पुढे २००२ पासून जवळपास वीस वर्षं हे नाणं चलनासाठी पाडलंही गेलं नाही, फक्त संग्राहकांसाठी पाडलं गेलं. जे होतं ते हातोहात फिरण्याऐवजी तिजोऱ्यांत पडून राहिलं. म्हणूनच रोल उघडणाऱ्यांची पहिली पसंती याच खोक्याला असते.

[दृश्य : उघडलेला रोल. कॅमेरा नाण्यांच्या कडांवर सरकतो.]

कडा बघा. तांबूस रेघ दिसते ती साधी नाणी. ९० टक्केवाल्याची कड सलग पांढरी असते, ते रोलमध्ये लगेच उठून दिसतं. ४० टक्केवालं फसवं. त्याच्या कडेलाही रेघ असते, फक्त फिकट. वजन ११.५ ग्रॅम, आणि साध्या नाण्याचं ११.३४, एवढा फरक बोटांना कळत नाही. साल वाचावंच लागतं. अनेकांना ‘१९६४ पर्यंत चांदी’ एवढंच ठाऊक होतं, म्हणून ही नाणी त्यांच्या हातून सुटली आणि बँकेत परत आली. माझ्या मते या छंदाचा खरा आनंद इथे आहे: जे सगळ्यांनी पाहिलं, पण कुणी ओळखलं नाही, ते ओळखण्यात. मात्र एकही चांदीचं नाणं न देणारे खोके भरपूर असतात, हे आधीच सांगायला हवं. काढलेली चांदी पुन्हा बँकेत येत नाही, त्यामुळे साठा घटतच जातो.

पाच सेंटचं नाणं, म्हणजे निकेल, युद्धाची खूण बाळगून आहे. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू लष्कराला हवा होता. म्हणून ऑक्टोबर १९४२ पासून १९४५ पर्यंत या नाण्यात निकेल नव्हताच. ३५ टक्के चांदी होती. नंतर ही नाणी वेगळी काढता यावीत म्हणून मागच्या बाजूला मॉन्टिसेलोच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या घराच्या, घुमटावर टांकसाळीचं अक्षर ठळक उमटवलं. फिलाडेल्फियाचं ‘पी’ अमेरिकी नाण्यावर पहिल्यांदा आलं ते तेव्हाच.

काळजी एकच घ्यायची. सापडलेलं जुनं नाणं घासून चकचकीत करायचं नाही. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच पडते.

चांदीशिवायही शोधण्यासारखं आहे. २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीनं ‘डब्ल्यू’ अक्षराचे क्वार्टर पाडले, दर चित्राचे २० लाख, वर्षाला पाच चित्रं. ती मुद्दाम इतर नाण्यांत मिसळून चलनात सोडली, लोकांनी हातातलं नाणं नीट बघावं म्हणून. टांकसाळीच्या या निर्णयाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

[दृश्य : बँकेची खिडकी. काउंटरवर रोल मोजले जात आहेत.]

हे सगळं चालतं ते कॅशियरच्या भरवशावर. खोका मागवणं, पोत्यानं आलेली नाणी परत घेणं, हे त्याचं जादा काम. म्हणून जाणते लोक एका बँकेतून घेतात आणि दुसरीत भरतात. एकाच खिडकीवर दोन्ही ओझी पडत नाहीत, शिवाय आपलीच तपासलेली नाणी पुन्हा आपल्याकडे येत नाहीत. २०२० च्या साथीत नाणी फिरायची थांबली, अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हनं जूनपासून बँकांना नाणी मोजून द्यायला सुरुवात केली, आणि छंदासाठी खोके मागणाऱ्यांना अनेक ठिकाणी नकार मिळाला. तो नकार रास्तच होता.

आता पाळी पेनीची, म्हणजे एक सेंटच्या नाण्याची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियात चलनासाठीचा शेवटचा पेनी पाडला गेला. १९८२ मध्ये पेनीतलं तांबं जाऊन जस्त आलं, तांब्याचा ३.११ ग्रॅम, जस्ताचा २.५. तांब्याचे पेनी वेगळे काढून साठवणारे आहेत, पण २००६ च्या अखेरीपासून ते वितळवायला बंदी आहे, आणि धातूच्या आशेनं डबे भरण्यात मला फारसं काही दिसत नाही. गव्हाच्या लोंब्यांचे, १९०९ ते १९५८ मधले पेनी हे खरं आकर्षण. ते अजूनही रोलमध्ये अधूनमधून निघतात. ही मालिका चलनातूनच जमवायची असेल, तर बँकेत पेनीचे रोल आताच मागायला हवेत.